बंद खोलीचं वजन

विश्राम मांजरेकरांची बायको दर गुरुवारी चार किलोंनी कमी होत असे आणि आता ती सगळी मिळून आठ किलो उरली होती. ताप नाही, दुखणं नाही. डॉक्टरांनी हात टेकले आणि जिल्ह्याच्या वस्तुमान कार्यालयाचा पत्ता दिला.

तिथल्या धामणस्कर बाई शिस्तीच्या. आधी प्रयोग दाखवल्याशिवाय तक्रार घ्यायची नाही असा नियम होता. काचेच्या चंबूत एक द्रावण, आत दोऱ्यानं टांगलेल्या नळीत दुसरं. घट्ट बूच लावून त्यांनी चंबूचं वजन केलं, मग तो तिरका केला. द्रावणं मिसळून पांढरा साका झाला. पुन्हा वजन केलं, तर ते जसंच्या तसं.

"काही नष्ट होत नाही," बाई म्हणाल्या. "घरात खिडकी उघडी ठेवता?"

"हो. प्रमिलाला वारा लागतो."

"मग कसं होणार? उघड्या चंबूचं वजन आम्ही धरत नाही."

मांजरेकरांना स्वतःचा भयंकर राग आला. रोज सकाळी खिडकी तेच उघडत.

अर्जावर सह्या होईपर्यंत एक गुरुवार गेला. पुढच्या बुधवारी कार्यालयाच्या माणसांनी मांजरेकरांची पत्र्याची खोली प्रमिलासकट उचलून ट्रक मोजायच्या काट्यावर ठेवली आणि फटी मेणानं बुजवल्या. बाहेर थांबलात तरी चालेल, असं बाई म्हणाल्या. पण तिला एकटीला कसं सोडायचं? मांजरेकर आपलं वजन नोंदवून आत गेले.

"अहो, गुदमरतंय. जरा खिडकी उघडा ना."

"उद्यापर्यंत कळ काढ. मग कुठं जाणार नाहीस तू."

"बरं," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

गुरुवारी दुपारी त्यांच्या हातातला तिचा हात नाहीसा झाला. खाटेवर नुसतं लुगडं राहिलं.

बाईंनी मेण खरवडून दार उघडलं. "फरक शून्य. काही हरवलेलं नाही. इथं सही करा."

"ती गेली, बाई."

"आकड्यांत तसं दिसत नाही." त्यांनी मांजरेकरांचं वेगळं वजन केलं. "तुम्ही चार किलोंनी वाढलात."

"ते तिचे आहेत."

"तसा रकाना नाही. तुमच्या नावावर लिहिते."

मांजरेकरांनी सही केली. भूक नव्हती, पण ते चार किलो कमी होतील या धास्तीनं ते त्या दिवसापासून दोन्ही वेळा पोटभर जेवू लागले.