हळदीत बुडालेल्या दस्तकाची बखर

आधी बोरी नदीस नमन, जी चैत्रात पाणी वाळूखाली झाकोन ठेविते आणि लेकीबाळींनी हाताने झिरा उकरला तर ओंजळभर देते. मग अमळनेर परगण्यातील त्या नदीकाठच्या गावास नमन, जेथील ताईबाई, मगनभाऊंचे कुटुंब, यांनी परमुलखी वकिलातीवर मोहीम करोन फत्ते मिळविली. ते वर्तमान जैसे घडले तैसे लिहितो. मसाला खानदेशी हाताचा, थोडा जास्त पडल्यास श्रोत्यांनी सोसावा.

मोहिमेचे कारण ऐसे जे, ताईबाईंच्या सासू बेबाबाई दिवाळीनंतर कैलासवासी जाहल्या. जाण्यापूर्वी त्यांनी सुनेस उशाशी बोलावोन फर्माविले की, "बठ्ठास्नी घागर मी भरी. मनी तू भरजो," म्हणजे सर्वांची मी भरली, माझी तू भर. आखाजीस, म्हणजे अक्षय तृतीयेस, गेल्या माणसाच्या नावे पाण्याची घागर भरावी ही मुलखाची रीत, आणि पहिल्या वर्षाची घागर म्हणजे दूर गेलेल्या जिवाचा पहिला घोट. सुनेने मान हलविली, तोच करारनामा जाहला.

इतक्यात लेक रूपा हिचे बाळंतपण आले. रूपा आणि जावई भूषण उत्तर समुद्रातील एका थंड बेटावर राहात. जावई तेथे मासळीच्या कारखान्यातील यंत्रांची चाकरी करीत. मग ताईबाईंनी कळण्याचे पीठ, बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, आणि डिंकाचे लाडू ऐसी रसद बांधोन विमानाने कूच केले, आणि परतीचे तिकीट आखाजीच्या आधीचे काढोनच गेल्या. नात जन्मली, कापसाच्या बोंडासारखी मिटलेली.

पाचवीच्या दिवशी सटवाई बाळाचे नशीब लिहावयास येते, तिजसाठी पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवितात. घर धुंडाळिले तो लेखणी सापडली, कागद नाही. जावयाचा सारा कारभार मोबाइलात. तेव्हा ताईबाईंस आपले दस्तक आठवले, ज्यास हल्ली पासपोर्ट म्हणतात. त्यात कोरी पाने विपुल, आणि कागद खास प्रवासाचा. मग त्यांनी ते उघडोन सटवाईपुढे मांडिले आणि विनविले, "आठे लिखी दे वं माय, पोर मना गावले यी." नातीचे गावी येणे नशिबातच लिहवोन घ्यावे, ही मसलत थोर होती. परंतु जावई नमस्कारास वाकले, आणि त्यांच्या स्वेटरच्या बाहीने निरांजन कलंडले, आणि निरांजनाने हळदीकुंकवाची वाटी उलथविली, आणि तो पिवळा पूर तेलासकट पानोपानी शिरोन ताईबाईंचे नाव, गाव आणि मुखकमल बुडवोन गेला. विमानवाल्यांनी ती तसवीर पाहोन अदबीने नकार दिला.

आता पेच ऐसा पडला की, त्या बेटावर हिंदुस्थानची वकिलातच नाही. आपली वकिलात समुद्रापलीकडील दुसऱ्या मुलखी. तेथे जावे तर दस्तक पाहिजे, आणि दस्तक पाहिजे तर तेथे जावे. आखाजी तर दारात आली. ताईबाई रात्रंदिवस नातीस मांडीवर घेवोन घागरीची ओवी गुणगुणत.

मग रूपाने आपल्या वकिलातीस ईमेलाचा खलिता धाडिला, आणि तेथोन जबाब आला की, बेटावर मित्रराष्ट्राची वकिलात आहे, तिने बाईंची ओळख पटवोन द्यावी, आम्ही एकवार स्वदेशी जाण्याचा परवाना तिजकडेच धाडू. ती वकिलात म्हणजे पाव भाजणाऱ्याच्या दुकानावरील दोन खोल्या; आणि तेथील वकील मेहेरबान एरिकसाहेब, तांबूस दाढीचे, नियमास कडक, परंतु तान्ह्या बाळास पाहोन चष्मा पुसणारे. साहेबांनी हुकूम केला की, तसवीर बुडाली, तरी पतीने समक्ष ओळख द्यावी.

लगोलग व्हिडिओ कॉल जोडिला. पलीकडे ओट्यावर मगनभाऊ आणि मागे सारे भाऊबंद. अलीकडे ताईबाई थंडीमुळे लेकीचा कोट आणि जावयाची लोकरी टोपी भिवयांपर्यंत ओढोन बसलेल्या. साहेबांनी पुसविले, समोरील बाई आपले कुटुंब होय काय? मगनभाऊंनी मोबाइल जवळ घेतला, दूर धरिला, आणि चिंताक्रांत होवोन वदले, "हाई मनी बायको नई शे. हाई ते कोनी फौजदार शे."

मागोन चुलते लीलाधरनाना गरजले, "नीट देख रे मगन! सरकारी काम शे, भलतीलेच हो म्हनशी!"

साहेबांनी लेखणी खाली ठेविली. रूपाच्या डोळ्यांस पाणी आले. आणि ताईबाईंस उशाशी बोलाविणारा सासूचा वाळलेला हात आठवला, मग त्या उठल्या, टोपी भिरकाविली, पदर डोईवर घेतला, आणि पडद्यास नाक लावोन तोफ डागिली, "ओ रूपाना बाप! डोयास्ले काय व्हयनं तुमना? म्हैस उनम्हा बांधेल शे, सदरा उलटा घालेल शे, नि मालेच ना म्हनतस?"

मगनभाऊंनी सदऱ्याच्या शिवणी चाचपोन पाहिल्या आणि सूर्योदय व्हावा तैसे त्यांचे मुख फुलले. "हाईच शे! बठ्ठी हाईच शे!"

साहेबांनी अर्थ पुसिला. रूपाने अर्ज केला की, आई बाबांची ख्यालीखुशाली विचारते. साहेब स्वतः संसारी, त्यांनी अर्थ केव्हाच जाणिला होता. त्यांनी शेरा लिहिला की, पतीने पत्नीस आवाजावरोन निःसंशय ओळखिले. मग परवाना आला, त्याजवर साहेबांचा शिक्का बसला, आणि बिबड्यांचा नजराणा साहेबांनी उभ्याउभ्याच मोडोन खाल्ला. बुडालेले दस्तकही, रद्द जाहल्याची खूण म्हणोन कोपरा कापोन, परत दिले, ते ताईबाईंनी कापडात बांधोन ठेविले. कारण सटवाईने त्यात काय लिहिले ते अद्याप कोणी वाचले नाही.

आखाजीच्या सकाळी ताईबाई गावी पोहोचल्या, त्या घरात न शिरता आधी नदीवर गेल्या, आणि झिरा उकरोन घागर भरली, वर डांगर म्हणजे खरबूज ठेविले, आणि आल्याची वर्दी सासूस हळूच दिली, "ऊनी वं माय." घागरीच्या अंगी पाणी पाझरो लागले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. त्या दिवशी म्हैस सावलीत होती आणि मगनभाऊंचा सदरा सुलट होता, हेही येथे नमूद केले असे.