म्हात्रेची काटछाट

म्हात्रेला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो ऑफिसच्या गॅलरीतून खाली कागद सोडत होता. दुकानात बिलं छापतात तो, कडेला भोकं असलेला, न संपणारा कागद. मागे प्रिंटर खरखरत होता आणि हा विहिरीत पोहरा सोडावा तसा दुसऱ्या मजल्यावरून एकेक हात कागद खाली सोडत होता. टोक खालच्या जीन्सच्या दुकानाच्या ताडपत्रीला टेकलं, तसा दुकानदार बाहेर येऊन ओरडला, "ओ साईं, ये क्या है?"

"कॉन्फिग!" म्हात्रे वरून ओरडला. "अभी बाकी है!"

माझा नोकरीचा पहिला दिवस. मी डबा छातीशी धरून दारातच थिजले. अंबरनाथ पूर्वेला आमच्या बिल्डिंगीत माणसं गॅलरीतून फार तर भाजीवाल्याला हाक मारतात.

आमचं ऑफिस उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये. शेठ सिंधी, माणूस प्रेमळ. दुकानदारांना बिलं करायचा प्रोग्राम आम्ही विकतो. म्हात्रे तो लिहितो आणि मी त्यातल्या चुका काढते. आता, लिहिलेल्या प्रोग्रामचे तुकडे जुळवून त्याची चालणारी वस्तू करायला आणखी एक प्रोग्राम लागतो, आणि त्याला सूचना देणारी एक फाइल लागते. ती कॉन्फिग. तिच्यात प्रत्येक गोष्ट नाव घेऊन सुरू करायची, सांगायची, आणि परत नाव घेऊन बंद करायची. तुकडा कुठला, कुणाचा, कितवा, हे प्रत्येक वेळी नव्याने.

"जोशी, तू जेवायला बसतेस तेव्हा काय म्हणतेस?" म्हात्रेने त्याच दिवशी मला विचारलं होतं. "भात सुरू. भात. भात समाप्त. वरण सुरू. वरण. वरण समाप्त. असं म्हणतेस? वेडी आहेस का तू?"

ओळख होऊन अर्धा तास झाला नव्हता. मला कुणी असं तोंडावर वेडी म्हटलेलं नव्हतं. मग कळलं, तो ते फाइलला म्हणत होता.

कहर म्हणजे ती फाइल कुणी लिहिली हेच कुणाला ठाऊक नव्हतं. कुणीतरी लिहून नोकरी सोडून गेला, तेव्हापासून प्रत्येक नव्या कामाला तीच उचलून चिकटवायची. कधीच बंद पडलेल्या एका साडीच्या दुकानाची मापंसुद्धा तिच्यात सुखाने नांदत होती. म्हात्रेने ती काढतो म्हटलं की शेठ हात जोडायचे. "साईं, चल रहा है ना? हाथ मत लगा. मेरा धंदा है."

फाइल कापता येईना, तेव्हा हा गडी बाकी सगळं कापत सुटला. फोन उचलला की "बोल." रजेचा अर्ज दोन शब्दांचा: "उद्या नाही." तो वाचून शेठ पांढरेफटक पडले. "उद्या नाही मतलब? दुनिया खतम?" डॉक्टरांनी काय होतंय विचारलं तर "ताप." किती दिवसांपासून? "तपासा." हे मी ऐकीव सांगत नाही, त्याला दवाखान्यात मीच घेऊन गेले होते. डॉक्टरांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्याने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बरं, त्याचं म्हणणं एकच: "समोरच्याला माहीत असलेलं सांगायचं नाही. अपमान असतो तो."

मग त्याच्या बहिणीचं लग्न ठरलं.

म्हात्रे मोरिवलीचा, आगरी. त्यांच्या लग्नपत्रिका म्हणजे मतदार यादी. काके, मामे, आते, त्यांचे जावई, गावातली मंडळं, सगळे छापायचे. म्हात्रेने छापून आणलेल्या पत्रिकेवर मुलगी, मुलगा, हळद, लग्न, जागा. बस. उरलेला कागद कोरा. मी पत्रिका उलटी करून पाहिली. मागेही काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्याचे काका बुलेटवरून थेट ऑफिसात आले. गळ्यात बोटाएवढी चेन, हातात पत्रिका.

"यान माझा नाव कुठं हाय?"

"काका, तुम्ही घरचे. तुम्ही असणारच ना? मग छापायचं कशाला?"

काका दोन पावलं पुढे आले. मला वाटलं, आता मारतात. पण ते खुर्चीत बसले आणि बारीक आवाजात म्हणाले, "नाव नाय, मंग मी कोन?"

म्हात्रेने त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. मला मात्र त्याचा संताप आला. शाळेतल्या बाईंनी पोराला विचारावं तसं मी त्याला विचारलं, "आई काय म्हणाली पत्रिका बघून?"

"आई बोलत नाही," तो म्हणाला. मग, आयुष्यात पहिल्यांदा असावं, त्याने न विचारता पुढचं सांगितलं.

त्याची आई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी तिचा मान. ती धवल्याचं गाणं म्हणत गावदेवीपासून एकेका देवाला आणि घरातून गेलेल्या एकेका माणसाला नाव घेऊन लग्नाला बोलावते. मोरिवलीतल्या कितीतरी पोरींची हळद या बाईच्या आवाजात लागलेली. आणि आता पोटच्या पोरीची हळद आली, तर अर्धांगाच्या झटक्याने तिची एक बाजू गेलेली आणि जीभही. दुसरी धवलारीण आणू म्हटलं तर तिने मान फिरवली. या घराची सगळी नावं दुसरीला कुठून माहीत असणार? आणि नावं घेतल्याशिवाय ती पोरीला हळद लावू देईना.

"मग रे?" मी विचारलं.

"बघू."

हळदीला मी गेले. दारात डीजेच्या पेट्या बंद उभ्या होत्या. मांडवात आई खुर्चीत, बाजूला पाटावर बहीण, हळदीची वाटी तशीच भरलेली. बायका आपसात कुजबुजत होत्या. तेवढ्यात म्हात्रे आला, आईच्या पायाशी मांडी घालून बसला आणि गायला लागला.

मी अक्षरशः तोंडावर हात ठेवला. धवला पुरुष म्हणत नाहीत. दोन पोरी फिस्सकन हसल्या, एका म्हातारीने त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं. लहानपणी आईबरोबर लग्नालग्नांत हिंडून त्याला सगळं पाठ झालं होतं. आवाज बेताचा, पण काही म्हणता काही गाळत नव्हता. गावदेवी, तिचा डोंगर, तिची वाट. मग पुढचा देव, त्याचं ठिकाण, त्याची वाट. प्रत्येकाला तेच आवतण, तेवढंच लांब. मग घरातली माणसं. पणजा, पणजी, बाळंतपणात गेलेली आत्या, तापाने गेलेलं एक तान्हं मूल, त्याचंसुद्धा नाव. "उद्या नाही" लिहिणारा माणूस हाच, यावर माझा विश्वास बसेना.

शेवटी तो थांबला. हळदीची वाटी पुढे झाली. आणि आईने चांगला हात वर केला.

वाटी थांबली.

"काय झालं?" मी शेजारच्या बाईला विचारलं.

"बापाचा नाव राहला," ती पदर डोळ्यांना लावत म्हणाली. "तो गेल्यावर घरान पयलाच लगीन. गेलेल्यांत त्याचा नाव अजून कवा घेतला नाय पोरानं."

तो विसरला नव्हता. मान खाली घालून बसला होता, आणि आईचा हात तसाच वर होता. मला वाटलं, जाऊन तो हात धरावा.

म्हात्रेने पुन्हा गावदेवीपासून सुरू केलं. डोंगर, वाट, देव, पणजा, पणजी, आत्या, ते तान्हं मूल. एकही गाळलं नाही. मग डोळे मिटून म्हणाला, "धर्मा गोमा म्हात्रे, या, तुमच्या पोरीची हळद हाय," आणि तिथे त्याचा आवाज फुटला.

पुढची ओळ मांडवातल्या बायकांनी उचलली. आईने हात खाली घेतला, तो त्याच्या डोक्यावर ठेवला.