चावडीवरून रामराव गायब

"माझ्यासारखा डिटेक्टिव्ह मराठवाड्यात एकदाच जन्माला येतो," कल्याण बोराडे म्हणायचा, "आणि तो वाटूरला आला, हे वाटूरचं नशीब."

हे ऐकायला समोर बहुतेक वेळा मच्छिंद्रच असायचा, आणि तो बहुतेक वेळा कुणाच्या तरी ट्यूबमधला खिळा शोधत असायचा. फाट्यावर कल्याणचं मोबाईलचं दुकान आणि मच्छिंद्रचं पंक्चरचं दुकान यांच्यात एक पत्रा होता. पलीकडच्या पाटीवर रिचार्ज, कव्हर, स्क्रीनगार्ड यांच्याखाली 'सर्व प्रकारच्या गूढांची उकल' असं लाल अक्षरांत रंगवलेलं होतं. कल्याणची नजर घारीची होती, कान सशाचे होते आणि मेंदू कुणाचा होता ते अजून ठरायचं होतं, पण तोही साधा नसणार, असं त्याचं मत होतं. मच्छिंद्रला त्यानं सहायक नेमलं होतं. या पदासाठी एकच पात्रता लागली. मच्छिंद्रकडे मोटारसायकल होती.

अलीकडे कल्याणच्या हाती एक नवं हत्यार आलं होतं. चावडी नावाचं ॲप. आपल्या ओळखीच्या माणसांनी कुठंही काहीही टाकलं, फेसबुकावर जेवणाचं ताट, इन्स्टाग्रामवर बैलाचा फोटो, आणखी कुठं आणखी काही, की ते सगळं उचलून हे ॲप एका जागी मांडायचं. चार दारं हिंडायची गरज नाही, सगळं गाव एका ओट्यावर. कल्याणनं ते अख्ख्या वाटूरच्या फोनमध्ये फुकट भरून दिलं होतं. लोकांना वाटलं, पोरगं गुणाचं आहे. त्याला वाटलं, आता गावात कुणी शिंकलं तरी आपल्याला कळेल.

तर अशा या डिटेक्टिव्हाकडे एका सकाळी महेमूदचाचा आले. महेमूदचाचांचा गाद्या आणि रजया भरायचा धंदा, त्यामुळे त्यांच्या दाढीत कापूस कोणता आणि केस कोणते हे सांगणं अवघड. धाकटी मुलगी फलक हिचं लग्न रविवारी होतं, वरात टेंभुर्णीहून येणार होती. लग्नघरचा माणूस हसतमुख असावा, पण चाचा स्टुलावर बसले ते गादीतला कापूस काढून घेतल्यासारखे.

"कल्याण," ते म्हणाले, "रामराव गायब झाला."

रामराव म्हणजे मोसंबीवाले रामराव. गळ्यात माळ, डोक्यावर टोपी आणि महेमूदचाचांशी पोरवयापासूनची दोस्ती. चाचांच्या घरातलं कुठलंही कार्य असलं की बिर्याणीच्या देगापासून लांब, मांडवाच्या दुसऱ्या टोकाला, माळकऱ्यांसाठी साध्या खाण्याची चूल लागायची आणि तिच्यावर रामराव उभे राहायचे. चाचांच्या थोरल्या दोन्ही मुलींच्या लग्नात ते उभे होते. फलक तर त्यांच्याच बागेत मोसंबी खात मोठी झाली होती. असा माणूस रोज सकाळी फेसबुकावर एक फूल टाकायचा. गुलाब, कमळ, झेंडू, खाली शुभ सकाळ. आणि आता चावडीवर कित्येक दिवस झाले, फूल नाही, अक्षर नाही. चाचांनी फलकच्या लग्नाची पत्रिका चावडीवर टाकली, सगळ्या गावानं अंगठे दाखवले, रामरावांचा अंगठा नाही.

"काहीतरी चुकलं माझं," चाचा म्हणाले. "पर काय चुकलं ते कळून न्हाई राह्यलं. त्याला पत्रिका हातात द्यायला जायचंय, पण पाय उचलत न्हाई. मी दारात गेल्यावर त्यानं तोंड फिरवलं तर? रविवारी चुलीवर रामराव नसला तर मला ते लगीन लगीन वाटणार न्हाई."

मच्छिंद्रला वाईट वाटलं. त्यानं पत्र्यावरून मान काढून सांगितलं की रामरावबापू काल संध्याकाळीच त्याच्याकडं सायकलीत हवा भरायला आल्ते. जरा गप्प होते, बाकी ठणठणीत होते.

कल्याणनं त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मच्छिंद्र, प्रत्यक्ष माणूस हा पुरावा नसतो. माणूस लपवतो. चावडी लपवत न्हाई."

"मंग घरी जाऊन विचारू," मच्छिंद्र म्हणाला. रामरावांचं घर फाट्यापासून हाकेच्या अंतरावर होतं.

यावर कल्याणनं एक सिद्धांत सांगितला. कच्चा डिटेक्टिव्ह संशयिताच्या घरी आधी जातो, पक्का शेवटी जातो, आणि थोर डिटेक्टिव्हाला जावंच लागत नाही. मग त्यानं दुकानाचं शटर अर्धं ओढलं, कारण पूर्ण ओढलं की ते पुन्हा वर जात नसे, आणि चावडी उघडून बसला.

पहिला धागा लगेच सापडला. रामरावांच्या मुलानं, वसंतानं, जांब समर्थच्या देवळासमोरचा फोटो टाकला होता. त्यात रामराव हात जोडून, डोळे मिटून उभे. कल्याणनं फोटो दोन बोटांनी मोठा केला, एवढा मोठा की रामरावांच्या मिशीचा एकच केस उरला. ओठ मिटलेले होते. त्यानं मांडीवर थाप मारली. रामरावांनी मौन धरलं होतं. समर्थांच्या जन्मगावी जाऊन धरलेलं मौन म्हणजे साधं नव्हे, आणि मौन धरलेला माणूस फूल तरी कसा टाकणार?

मच्छिंद्रनं पुन्हा एकदा सायकलच्या हवेची आठवण करून दिली. बापू त्याच्याशी बोलले होते, हवा कमी भरलीस म्हणाले होते. कल्याण म्हणाला, ते मौनाच्या आधीचं असेल.

मोटारसायकल निघाली. फाट्याच्या वळणावर डाव्या हाताला रामराव स्वतः कोथिंबिरीची जुडी घेऊन उभे होते. मच्छिंद्रनं हात केला, त्यांनीही केला. मागं बसलेला कल्याण तेव्हा मिशीचा केस तपासत होता. मच्छिंद्रला एकदा वाटलं गाडी थांबवावी. पण याआधी एकदा त्यानं तपासाच्या मध्येच हरवलेली शेळी समोर आणून उभी केली होती, तर कल्याण पुढं आठवडाभर त्याच्याशी बोलला नव्हता.

जांबला दर्शन झालं, प्रसाद झाला. देवळाबाहेर फुलं विकणाऱ्या मालनबाईंना फोटो दाखवला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाल्या, "आवं, ह्यो जुना फोटू हाय. ती मागची भिंत आता रंगवली. बघा की." दोघांनी भिंतीकडं पाहिलं. भिंत पिवळीधमक होती, फोटोतली पांढरी. वसंतानं फोटो कधीकाळी टाकला होता, चावडीनं तो 'आठवण' म्हणून पुन्हा वर आणला होता. परतीच्या वाटेवर मच्छिंद्रनं एवढंच विचारलं की चावडी लपवत नसते ना.

"लपवत न्हाई," कल्याण म्हणाला, "पण गंमत करते."

दुसरा सिद्धांत रसवंतीवर जन्मला. रामरावांच्या मुलीनं, मोनालीनं, बँडवाल्यांचा एक व्हिडिओ पुढं ढकलला होता आणि खाली हसरं तोंड टाकलं होतं. कल्याणनं उसाचा ग्लास खाली ठेवला. सगळं उघड होतं. रामरावांच्या घरी त्याच रविवारी गुपचूप लग्न होतं आणि त्याच मुहूर्ताला त्याच आचाऱ्यावरून दोन घरांत तेढ होती. मच्छिंद्र म्हणाला, मोनालीचं लगीन होऊन तिचं पोरगं शाळेत जातं. कल्याण म्हणाला, म्हणूनच गुपचूप. मच्छिंद्रनं उठून रसाचे पैसे दिले.

तिसरा सिद्धांत असा, की हे रामराव रामराव नव्हतेच. खऱ्या रामरावांना कुणीतरी कोंडून ठेवलं होतं आणि कोथिंबीर घेऊन फिरणारा तोतया होता. तोतयाला फुलांची आवड नसते, हा त्याचा मुद्दा. कोथिंबिरीचं कल्याणला कसं कळलं म्हणाल, तर मच्छिंद्रनं शेवटी न राहवून सांगितलं होतं. सांगितलं याचा त्याला लगेच पश्चात्ताप झाला.

शुक्रवारी अहवाल द्यायला दोघं महेमूदचाचांच्या घरी गेले. अंगणात रजयांची रास, ओट्यावर डाळ निवडत नूरबी चाची, आत फलकच्या मैत्रिणींचा गलका. कल्याणनं घसा साफ केला. मौन, गुप्त विवाह आणि तोतया, तिन्ही सिद्धांत त्यानं क्रमानं मांडले आणि तिन्ही एकदम खरे असू शकतात असं सुचवलं. चाचांचा चेहरा उतरत गेला. शेवटी त्यांनी डोळ्यांवर उपरणं धरलं आणि बारीक आवाजात म्हणाले की मग साध्या खाण्याची चूल रद्दच करू. दुसरा कुणी त्या चुलीवर उभा राहिलेला मला बघवणार न्हाई.

तेव्हा मात्र मच्छिंद्रला कल्याणचा राग आला, खरा राग. तो काही बोलणार तेवढ्यात नूरबी चाचीनं डाळीचं सूप खाली ठेवलं.

"अजी, फोन लगाके पूछे क्या तुम?" तिनं नवऱ्याला विचारलं.

चाचा म्हणाले, न्हाई.

चाचीनं कमरेचा फोन काढला. साधा, बटणांचा, रबर बँड लावलेला. त्यात चावडी नव्हती, फोटो नव्हते, फक्त माणसं होती. तिनं एक बटण दाबून धरलं आणि रामरावांच्या बायकोला, गोजरबाईंना, फोन लावला. दोघींचं बोलणं रोजचंच असावं, कारण सुरुवात कुरडया वाळल्या का इथून झाली. मग चाचीनं विचारलं, भाऊ का रुसले?

पलीकडून गोजरबाईंचा आवाज अंगणभर ऐकू आला. "रुसू न्हाई तं काय करंल? रोज फूल टाकून राह्यले, रोज इचारून राह्यले, तुमचे भाई एका फुलाचं उत्तर देईनात. दोन दिसापासून जेवले न्हाई नीट."

चाचीनं फोन कानावरून काढला आणि विचारलं, "फूल टाकतायत म्हणे रोज. मंग ते जातात कुठं?"

मच्छिंद्रनं हळूहळू मान वळवली. महेमूदचाचांनी वळवली. कल्याण रजयांच्या राशीकडं बघत होता.

"एक बारीकशी गोष्ट असू शकते," तो म्हणाला.

गोष्ट अशी होती, की गावभर चावडी भरून देताना कल्याणनं प्रत्येकाच्या फोनात एक खूण स्वतःच्या हातानं केली होती. फुलं, सूर्योदय आणि सुविचार वगळा. डिटेक्टिव्हाला कचऱ्यात धागे सापडत नाहीत, असं त्याचं म्हणणं. वगळलेलं सगळं ॲपच्या तळाशी एका कप्प्यात जाऊन पडायचं आणि त्या कप्प्याकडं कुणी ढुंकून पाहत नसे. मच्छिंद्रनं चाचांच्या हातातला फोन घेतला आणि कप्पा उघडला.

आत बाग फुलली होती. आणि प्रत्येक फुलावर अक्षरं होती. नातवानं रामरावांना फुलावर शुभ सकाळ लिहायला शिकवलं होतं, तेवढंच. फूल न घेता नुसता निरोप कसा पाठवायचा हे त्यांना ठाऊकच नव्हतं. म्हणून जे काय सांगायचं ते बापू फुलावरच लिहीत. मच्छिंद्र मोठ्यानं वाचू लागला. गुलाबावर: शुभ सकाळ, महेमूदभाई, पत्रिका पाहिली, लई छान, घरी कधी आणतो? कमळावर: शुभ सकाळ, साध्या खाण्याला वांगं ठेवू का बटाटा? झेंडूवर: शुभ सकाळ, मोसंबी उतरवून ठेवली, फलकच्या सासरी पाठवायला. मग एक सूर्योदय होता, त्यावर बारीक अक्षरात: शुभ सकाळ, माझं काही चुकलं का?

चाचांना पुढचं ऐकवेना. त्यांनी फोन हिसकून घेतला, खिशात पत्रिका कोंबली, एका पायात आपली आणि एका पायात मच्छिंद्रची चप्पल घालून ते निघाले. नूरबी चाची मागून ओरडली की साखर तरी घेऊन जा. ते पळतच होते. मच्छिंद्र एका चपलेवर मागं धावला.

रामराव दारातच सायकल पुसत होते. चाचांनी पत्रिका पुढं केली. रामरावांनी ती घेतली, टोपी काढून पत्रिका कपाळाला लावली आणि म्हणाले, "वांगं का बटाटा, एवढंच इचारलं होतं रे मी." मग दोघंही म्हातारे दारात उभे राहून रडले आणि हसले. मच्छिंद्रनं तोंड फिरवलं, कारण त्यालाही तेच व्हायला लागलं होतं.

"वांगं," चाचा म्हणाले. "बिलकुल वांगं."

संध्याकाळी कल्याण पत्र्यापलीकडून म्हणाला की ही त्याच्या कारकिर्दीतली सगळ्यात अवघड केस होती. गुन्हेगार इतका हुशार होता, की शेवटपर्यंत संशय आला नाही. आणि आपण त्याला एक क्षणही नजरेआड होऊ दिलं नाही, हे लक्षात घे. मच्छिंद्रनं ट्यूब पाण्यात बुडवली आणि बुडबुडे पाहत बसला. दुसऱ्या दिवशी कल्याणनं घरोघर हिंडून सगळ्यांच्या फोनातली ती खूण पुसली. तेवढं मात्र त्यानं इमानानं केलं.

रविवारी वरात आली. देग उघडले, मांडवाच्या दुसऱ्या टोकाला वांग्याची वाफ उठली आणि तिच्यात रामरावांची टोपी दिसायला लागली. कल्याण तेवढा मांडवाबाहेर बाभळीखाली उभा होता. गावातल्या सगळ्यांना बापूंनी फुलावरून बोलावलं होतं, फक्त त्याला नाही. तो खिन्न होता, पण कामात होता. यादीतून आपलं नाव कुणी कापलं याबद्दल त्याचे दोन सिद्धांत तयार होते आणि तिसरा होत आला होता.

मच्छिंद्रनं पोटभर जेवण केलं, हात धुतले, वांग्याची पुन्हा एक वाटी घेतली आणि मगच बाहेर आला. त्यानं कल्याणच्या हातातला फोन काढून घेतला. सगळ्या गावाच्या फोनातली खूण पुसणारा माणूस स्वतःच्या फोनातली विसरला होता. तळाच्या कप्प्यात एक भलं मोठं सूर्यफूल पडलं होतं.

शुभ सकाळ, त्यावर लिहिलं होतं. कल्याण, पहिल्या पंगतीला ये. मोबाईल घरी ठेव.

कल्याणनं दोनदा वाचलं. मग मांडवाकडं पाहिलं. रामराव झारा हातात घेऊन त्याच्याचकडं बघत होते.

"पहिली पंगत उठली का रे?" त्यानं विचारलं.

"कवाच," मच्छिंद्र म्हणाला. "पण तुझं पान मांडून ठेवलंय बापूंनी."