इलारीबाई वकील डोंगरात उपाशी राहिल्या, तो वृत्तांत

श्रीवनदेवीस नमन असो. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सरे, चैत्रमासी, मोहाची फुले गळत असता एका राज्यात जे वर्तले, ते जसे कानी आले तसे लिहितो. तिथी कोणी पंचमी सांगतात, कोणी षष्ठी. आम्हांस निश्चय होत नाही.

ऐसियास, त्या राज्याने डोंगरातील रान राखीव केले आणि डोंगरी बायकांनी आत जाऊन फूल, पान, कंद काही वेचू नये असा हुकूम काढिला. मग सोमी नावाची लेकुरवाळी मोहफुले वेचताना सापडली, तिला रानाच्या राखणीवरील नाकेदाराने चौकीच्या खोलीत कोंडिले, आणि तिचे तान्हे सासूपाशी, बरकीपाशी राहिले. बरकीने सकल राज्यांच्या थोर सभेकडे तक्रार धाडिली, कारण मूळच्या रहिवासी बायकांचे हक्क राखू असा करार त्या सभेने सर्व राज्यांकडून लिहून घेतला होता. परंतु तक्रार इतक्या हातांतून आणि इतक्या भाषांतून गेली की पोहोचली तेव्हा "तेथील बायका दुःखात आहेत" एवढेच उरले होते. कोणते दुःख, हे सभेस कळेना, म्हणोन सभेने आपले वकील इलारीबाई यांस विचारपूस करण्यास पाठविले. बाई स्वतः समुद्रापलीकडील डोंगरी कुळातल्या, अंगाने ठेंगण्या, वर्णाने सावळ्या, अशा होत्या. आणि संगे दुभाषे विसाजीपंत दिले.

बाई बरकीच्या अंगणी आल्या, पंतांकरवी दुःख विचारते जाहल्या. बरकीने नागलीची भाकर पुढे ठेविली आणि म्हणाली, "आधी जेव, बाय. उपाशी पाहुणीला दुःख सांगितलं तं ते तिच्या पोटात बसतं. आमच्यात नाय सांगत."

बाई म्हणाल्या, "आम्हांस सभेचा नियम आहे. ज्यांची तक्रार ऐकावी त्यांचे अन्न घेऊ नये, आणि राज्याचेही घेऊ नये." आणि थैलीतून बिस्किटे काढून खाल्ली.

"ते काय जेवण हाय?" बरकी म्हणाली. "आणि ते आमच्या घरचं नाय."

मग बाई नियम मोडीनात आणि बरकी रीत मोडीना, आणि सारा दिवस दोघी समोरासमोर बसून राहिल्या. विसाजीपंतांस सोमीची हकिकत वाटेतच कळली होती, परंतु ते म्हणत, "जे माझ्यासमोर बोलले जाईल तेवढेच सांगणे माझे काम. न बोललेले कसे सांगू?" शेवटी बरकीसच युक्ती सुचली. "मंग पाहुणी नको होऊ, घरची हो. घरची बाय आपलं आपण वेचून खाते." बाईंनी विचार केला आणि आपल्या हाताने वेचलेले कोणाचे दान नव्हे असे ठरवून सकाळी बरकीची टोपली घेऊन तिच्यासंगे रानात निघाल्या. रानात मनाई आहे हे बाईंस कोणी सांगितलेच नव्हते, कारण त्या जेवल्या नव्हत्या. आणि बरकीस वाटले, एवढ्या मोठ्या सभेची बाय, तिला कोण अडवंल. पंत गुडघेदुखीमुळे मोटारीतच बसून राहिले.

टोपली अर्धी भरली तो नाकेदार आला. बरकी म्हणाली, "हात नको लावू. ही सभेची बाय हाय."

"आणि मी त्या सभेचा राजा," नाकेदार म्हणाला. "चल, दोघी चला." बाई आपल्या भाषेत पुष्कळ बोलल्या, ते त्याला डोंगरीच वाटले. मग टोपली जप्त जाहली, आणि सोमी जेथे होती त्याच खोलीत दोघींस कोंडिले.

सोमीने सासूस आधी तान्ह्याचे विचारिले, "कोणाचं दूध पितो?" आणि शेजारणीचे नाव ऐकून घेतले. मग नव्या बाईकडे पाहून आपल्याला मिळालेली अर्धी भाकर तिने पुढे केली. इलारीबाई फार भुकेल्या होत्या, त्यांनी ती खाल्ली. भाकर तक्रारदाराची की राज्याची, हा विचार त्यांस खाऊन झाल्यावर सुचला.

बरकीने हे पाहिले आणि म्हणाली, "खाल्लीस ना? आता ऐक." आणि सारे सांगू लागली, आणि एक शब्द न कळता बाई मान डोलवीत होत्या. इतक्यात पंत शोध घेत राज्याच्या अमलदारांस घेऊन चौकीच्या खिडकीशी आले. आता मात्र बोलणे समोर चालले होते, म्हणोन पंतांनी गजांबाहेर उभे राहून रान, हुकूम, सोमी, तान्हे, सर्व शब्दशः आत सांगितले, आणि अमलदारांस ते उभ्याने ऐकावे लागले.

अमलदार मोठ्या घोरात पडिले. वकिलांस सोडिले असे लिहावे, तर सभा विचारील, धरिले कोणी? धरिले नव्हते असे लिहावे, तर त्याच खोलीत आणखी दोघी. मग त्यांनी लिहिले की, या चौकीत कोणतीही बाई कधीही कोंडलेली नव्हती. आणि कोणी कोंडलेले नसता कुलूप कशास, म्हणोन दार उघडिले. सोमी मागे न पाहता घराकडे पळाली.

बरकी तेथेच उभी राहिली. "माझी टोपली?"

अमलदार म्हणाले, "बाई, येथे कोणास आणलेच नाही, तर टोपली कोणाची देऊ?"

पुढे राज्याने सभेस कळविले की कोणी बाई अटकेत नव्हती, इलारीबाईंनी कळविले की मी स्वतः होते, आणि जिने तक्रारदाराची भाकर खाल्ली तिची साक्ष धरावी की नाही, याचा खल सभेत अद्याप चालू आहे. हुकूम मागे घेतल्याचे ऐकिवात नाही. बायका मात्र रानात जातात आणि नाकेदार दुसरीकडे पाहतो. कारण धरले तर ठेवावे कोठे, हे त्याला कोणी कळविलेले नाही.

तात्पर्य, जय कोणाचा जाहला हे आम्हांस उमगले नाही. सोमी घरी आहे आणि टोपली चौकीत आहे, इतकेच खात्रीने लिहिता येते.