शेषरावांची झोपेची रजा

शनिवारी मारुतीच्या देवळात पुजाऱ्याने तीर्थाची पळी पुढे केली आणि शेषराव त्याला म्हणाले, "उद्या या." पुजारी हसला, मागची रांग हसली. रुखमाबाई मात्र हसल्या नाहीत. आदल्याच दिवशी त्यांनी जेवणाचं ताट पुढे ठेवलं होतं, तेव्हा मान वर न करता नवरा म्हणाला होता, "आवक झाली, तिकडं ठेवा."

"तुमाले झोप पायजे," देवळाच्या पायऱ्या उतरताना त्या म्हणाल्या. "एक दिवस सुट्टी घ्या अन् नुसते झोपा. नाई तं एखाद्या दिवशी मलेच शिक्का माराल."

शेषराव बुलढाण्यातल्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक लिपिक होते. शेजारच्या दोन खुर्च्यांवरची माणसं निवृत्त झाली, खुर्च्या रिकाम्या राहिल्या, पण त्यांची कामं सरकत सरकत शेषरावांच्या टेबलावर येऊन बसली. आलेला कागद त्यांच्याकडे, जाणारा कागद त्यांच्याकडे, आणि मधेच हरवलेला कागद शोधायचं कामही त्यांच्याचकडे. झोप यायची ती हप्त्याहप्त्याने, आणि प्रत्येक हप्त्यात कोणीतरी फाइल मागायचं. एक दिवस, फक्त एक दिवस गाढ झोप मिळावी, एवढीच आता त्यांची आयुष्याकडून मागणी उरली होती.

पण थकलो म्हणून रजा घ्यायची त्या कचेरीत रीत नव्हती. रजेसाठी कोणाला तरी मरावं लागे. ज्ञानेश्वर शिपायाची आजी तर इतक्यांदा वारली होती, की एकदा ती खुद्द त्याचा डबा घेऊन आली तेव्हा दोघेजण घाबरून उभे राहिले.

अशा ठिकाणी मंजुश्री मॅडम नव्या साहेब म्हणून आल्या होत्या. कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण त्या नुकतंच घेऊन आल्या होत्या आणि ते अजून ताजं होतं. त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "ताण लपवू नका. मन थकलं असेल तर अर्जात तसंच लिहा. मी आनंदाने रजा मंजूर करीन." सगळ्यांनी माना डोलावल्या, म्हणजे असं कोणीही करणार नाही हे ठरलं. शेषराव मात्र साहेबांचं तोंडी बोलणंही लेखी धरणारे. त्यांनी अर्ज लिहिला: 'मन थकले आहे. मंगळवारी घरी झोपायचे आहे. तरी रजा मिळावी ही विनंती.'

मॅडमना गहिवरून आलं. त्यांनी तिथल्या तिथे सही केली आणि उत्साहाच्या भरात अर्जाचा फोटो कचेरीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'शेषरावांचा आदर्श सर्वांनी घ्यावा.' शेषराव घरी पोचण्याआधी तो फोटो वडनेर भोलजीला त्यांच्या बहिणीकडे पोचला होता.

आता आपल्याकडे रजेचं कारण खरं कोणी धरत नाही. पोट दुखतं असं लिहिलं की लोक समजतात, याच्याकडे लग्न आहे. मग ज्याने सरळ 'मन थकले' असं लिहिलं, त्याचं खरं दुखणं केवढं मोठं असेल! आणि एवढं मोठं दुखणं असलेल्या माणसाला भेटायला गेलं नाही, तर लोक काय म्हणतील?

मंगळवार उजाडला. रुखमाबाईंनी खिडक्यांना चादरी लावल्या, फोन बंद करून पिठाच्या डब्यामागे ठेवला आणि कुकरची शिट्टी नको म्हणून डाळ पातेल्यात शिजायला टाकली. शेषरावांचा डोळा लागतो न लागतो तोच दार वाजलं. कचेरीतला मतीन केळ्यांची फणी घेऊन उभा होता.

"काय भौ, तब्येत काय म्हणते?"

"बरी हाये. झोपून राह्यलो होतो."

"मंग झोपा ना! माह्यासाठी काऊन उठले? मी काय परका हाओ?" असं म्हणत मतीन पलंगावरच टेकला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "भौ, मले तं सांगा. हार्ट हाये ना?"

"नाई बे, हार्ट नाई."

"माहे चाचाबी असंच म्हणत. सकाळी चांगले पोहे खाऊन राह्यले होते."

"मंग?"

"मंग काय," मतीनने सुस्कारा सोडला. "लय चांगले होते बिचारे."

मतीनचा चहा संपतो तोच वडनेर भोलजीहून जनकाबाई आल्या. शेषरावांच्या या थोरल्या बहिणीचं रडणं फाटकापासूनच सुरू झालं होतं. "बसला काऊन रे शेषू? आडवा होय आधी!" शेषराव आडवे झाले, त्यांनी डोळे मिटले. जनकाबाईंनी किंकाळी फोडली, "डोळे काऊन मिटले? ए शेषू! बोल माह्यासंग!"

डोणगावहून रुखमाबाईंचा भाऊ राजकुमार आला तो सोबत चार माणसं घेऊनच. त्याने बहिणीला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, "ताई, खरं सांग. तुमचं भांडण झालं का?" रुखमाबाईंच्या हातात तेव्हा उलथणं होतं, पण पाहुण्यांसाठी पोळ्या टाकायच्या होत्या म्हणून त्यांनी ते दुसऱ्या कशासाठी वापरलं नाही. बाहेरगावचा माणूस भेटायला आला तर त्याला जेवू घालावं लागतं, आणि गावातल्याला चहा. दोन्ही गॅस एकसारखे पेटलेले होते. गल्लीतल्या बायका येऊन मिरची उतरवून गेल्या, त्याने सगळे खोकायला लागले, आणि खोकला ऐकून पलीकडच्या गल्लीतले आले.

दारात चपलांचा ढीग झाला. निदान थोडा वारा घ्यावा म्हणून शेषराव बाहेर आले, तेव्हा खांद्यावर पांढरा रुमाल टाकलेला एक अनोळखी गृहस्थ त्यांच्या जवळ येऊन हळूच म्हणाला, "किती वाजता काढायचं हाये?"

"कोणाले?"

"ते शेषराव म्हणून होते ना इथं."

"ते झोपाले गेले," शेषराव म्हणाले, आणि खरोखरच निघाले. न्हाणीच्या बाजूने मागच्या बोळात आले, टॉवेल डोक्यावर घेतला आणि तडक चालू लागले. पण जायचं कुठे? चहाच्या टपरीवर ओळखीचे, बसस्टँडवर ओळखीचे, देवळात तर पुजारी! एवढ्यात समोरून दोन ऑटो खच्चून भरून त्यांच्याच घराच्या दिशेने गेले. पहिल्यात पुष्पगुच्छ मांडीवर घेतलेल्या मंजुश्री मॅडम होत्या आणि मागे अख्खी कचेरी होती. शेषरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

कचेरीच्या दाराला नुसती कडी होती. आत चिटपाखरू नव्हतं. फोन वाजत नव्हता, कोणी फाइल मागत नव्हतं, कोणी तब्येत विचारत नव्हतं. शेषराव आपल्या खुर्चीत बसले, जावक गठ्ठ्यावर डोकं टेकलं, आणि कित्येक महिन्यांत लागली नव्हती अशी गाढ झोप त्यांना लागली.

जाग आली तेव्हा समोर रुखमाबाई डबा घेऊन उभ्या होत्या.

"तुले कसं समजलं मी इथं हाओ?"

"दुसरं कुठं जाणार तुमी? घर अन् हापीस सोडून तिसरी जागा मालूम हाये का तुमाले?"

"अन् घरी कोण हाये?"

"समदेच हायेत. तुमी न्हाणीत हा, असं जनकाबाय सगळ्याईले सांगून राह्यल्या. चहा मतीनभौ करून राह्यले. मॅडम कप इसळून राह्यल्या. मी म्हटलं, दूध घेऊन येते."

"अन् दूध?"

"दूध घरातच हाये," रुखमाबाई म्हणाल्या.

दोघांनी डबा खाल्ला. रुखमाबाई घास इतक्या भराभर घेत होत्या, की सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं हे शेषरावांच्या तेव्हा लक्षात आलं. हात धुऊन त्या उठल्या, मॅडमच्या खोलीच्या उघड्या दारातून आत गेल्या, गादीच्या खुर्चीवर हात फिरवला. "लय मऊ हाये हो हे. बसून पाहू का? पाचच मिन्टं..." असं म्हणता म्हणता त्या बसल्या, आणि पुढचं वाक्य झालंच नाही. मान एका बाजूला कलली. त्या घोरायलाही लागल्या, अगदी बारीक.

शेषराव दारात उभे राहून पाहत राहिले. बायकोच्या मनगटावर गरम चहाचा लाल चट्टा उठला होता. त्यांना मनापासून लाज वाटली. आपलं मन थकलं तर अर्ज करायला कचेरी होती, मंजूर करायला मॅडम होत्या, रडायला बहीण होती. या बाईची लग्न झाल्यापासून एकही रजा लागली नव्हती, आणि तिला कोणी केळी घेऊन भेटायला आलं नव्हतं. त्यांनी पंखा एक घर वाढवला आणि खिडकी लोटून घेतली.

तेवढ्यात एक म्हातारे बाबा अर्ज घेऊन आले. आत डोकावून त्यांनी कुजबुजत विचारलं, "नव्या सायब हायेत का?"

"हळू बोला. नव्या नाई, जुन्याच हायेत."

"अन् झोपल्या?"

"आजच रजा लागली त्याईची."

"मंग माह्या अर्जाचं?"

शेषरावांनी अर्ज घेतला. सवयीने शिक्का उचलला, शाईच्या पॅडपर्यंत नेला, आणि हात तिथेच थांबला. तो शिक्का आपटला की दोन खोल्यांपलीकडे ऐकू जायचा. त्यांनी आत पाहिलं, शिक्का अलगद खाली ठेवला, आणि उभ्या नोकरीत कधी लागला नव्हता इतक्या मऊ आवाजात म्हणाले, "बाबा, उद्या या."

हे शब्द बाबांनी जन्मभर ऐकले होते. त्यांनी एकदा आत पाहिलं, मान हलवली आणि चपला हातात घेऊन पावलांचा आवाज न करता निघून गेले.