ईस्टरचं घर आणि गुनवोरचं करडं बटण

"शुक्रवारी बारापर्यंत फॉर्म ऑफिसच्या साइटवर दिसला पाहिजे," असं तोरगेरसाहेब गुनवोरला शांतपणे म्हणाले. ते कधी आवाज चढवत नसत, हीच तर भीती! तिची नोकरी अजून कच्ची होती. पक्की करायची की नारळ द्यायचा, ते त्यावरच ठरणार होतं.

शिवाय फॉर्म साधासुधा नव्हता. ईस्टरच्या सुट्टीत कंपनीचं डोंगरातलं लाकडी घर कुणाला मिळणार, त्याच्या अर्जाचा होता. वर्षभर एकमेकांसाठी दार धरून ठेवणारी माणसं त्या एका आठवड्यासाठी जिवावर उठत.

शुक्रवारी सकाळी गुनवोरनं 'प्रसिद्ध करा' दाबलं. बटण करडंच. खाली ओळ: तुम्हाला परवानगी नाही. परवानगी देणारा योस्टाइन बाळासाठी रजेवर! तिनं फोन लावला.

"योस्टाइन, काहीतरी कर रे बाबा! नोकरी जाईल माझी."

"अगं, एका हातात पोर, दुसऱ्यात लापशीचा चमचा! तुझं नाव कुठे शोधत बसू? सगळ्यांनाच देऊन टाकतो. घे, दिली!"

तिनं पुन्हा दाबलं. करडंच! आता रडायचीच बाकी होती ती.

"थांब गं, माझ्या इथून बघू," शेजारच्या टेबलावरची रेदुन म्हणाली. तिनं दाबलं आणि फॉर्म झळकला. गुनवोरनं तिला मिठीच मारली.

तिथंच घात झाला. फॉर्म आपल्याला बदलताही येतोय, हे रेदुनच्या ध्यानात आलं. तिनं हळूच 'कुत्रा चालेल' असं घातलं. गोदामातल्या कुणीतरी कुत्रा काढून टाकला. कुणी आपला अर्ज भरला आणि दुसऱ्याला भरता येऊ नये म्हणून ईस्टरचा आठवडाच पुसला. कुणी रागानं अख्खा वसंत ऋतूच पुसला.

"अहो, हात नका ना लावू!" गुनवोर विनवत होती. पण भांडत कुणीच नव्हतं. सगळे कॉफी पीत, हसतमुखानं फॉर्म खोडत होते.

बाराला तोरगेर येऊन उभे राहिले.

"गुनवोर, मी फॉर्म भरला."

"भ... भरलात?"

"एकच प्रश्न उरला होता. घराबाहेरचा संडास कोण उपसणार? निवडायला एकच नाव होतं, माझं. हे कुणी केलं?"

"कुणीही केलं असेल. परवानगी सगळ्यांना आहे." तिनं आपल्या पडद्याकडे बोट दाखवलं. "म्हणजे... मला सोडून."

साहेबांनी स्वतः तिचं बटण दाबून पाहिलं. करडं! योस्टाइनच्या 'सगळ्यां'त फक्त पक्क्या नोकरीतले होते. कच्च्यांना त्यात धरतच नाहीत. त्यांनी ऑफिसभर नजर फिरवली. एकदम सगळ्यांना कामं सुचली.

"म्हणजे इथं खात्रीचं माणूस तू एकटीच," ते म्हणाले. "आत्तापासून तू पक्की. आणि घर कुणाला द्यायचं, तेही तूच ठरव."

गुनवोरचा जीव भांड्यात पडला. साहेबांनी खोलीत जाऊन तशी नोंद केली असावी, कारण थोड्याच वेळात पडद्यावरचं बटण निळं झालं.

रेदुननं लगेच खुर्ची जवळ सरकवली. "गुनवोर, कॉफी आणू का गं तुला? आमचा कुत्रा ना, फार शांत आहे."

गुनवोरनं निळ्या बटणाकडे बघत दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.