खरेपणाचा संशय असलेली नाणी

निवृत्त माणसाने छंद लावून घ्यावा, नाहीतर तो माणूसच घराच्या मागे छंदासारखा लागतो, हे सत्य कोथरूडमध्ये सर्वमान्य आहे. टेलिफोन खात्यातून सन्मानाने बाहेर पडलेले अझीम मुलाणी सुरुवातीला स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून "कांदा असा चिरतात का?" एवढंच विचारत. (कांदा तसाच चिरतात.) शेवटी त्यांच्या पत्नी नसीमबानूंनी त्यांच्या हातात पिशवी दिली. "अहो, बाहेर जा. काहीही आणा, पण वेळ लावून आणा."

अझीमभाईंनी प्राचीन नाणी आणली.

रविवारच्या एका बाजारात सतरंजीवर त्यांचा ढीग होता. "दोन हजार वर्षं जुनी आहेत साहेब," विक्रेता म्हणाला. "जास्त घेतलीत तर आणखी जुनी लावून देतो." असा सरळ व्यवहार हल्ली दिसत नाही. अझीमभाईंनी पिशवीभर घेतली, पुढच्या रविवारी पुन्हा घेतली, आणि पावसाळा संपेपर्यंत मुलाण्यांच्या दोन खोल्यांत एवढी राज्यं नांदू लागली की दोन साम्राज्यांमधून चहाचा कप घेऊन जायला वाट राहिली नाही.

संग्रह वाढला की वर्गीकरण अटळ असतं. अंड्यांच्या ट्रेमध्ये यादव गेले, बर्फाच्या ट्रेमध्ये कुषाण (ते मुळात थंड प्रदेशातले), आणि मसाल्याच्या डब्यात सातवाहन.

"अहो, मोहरी कुठंय?"

"क्षत्रपांच्या मागे."

"आणि क्षत्रप?"

"तुझ्या शिवणाच्या डब्यात. मी सांगितलं होतं."

पण ठेवायचं कुठे हे कळलं, तरी ठेवायचं कोणाला हे कळायला नाणं ओळखावं लागतं. अझीमभाईंनी तीन ग्रंथ आणले, तिन्हींचं एकमेकांशी पटत नव्हतं. फोनवरच्या ॲपला फोटो दाखवला तर त्याने "बिस्कीट" असं उत्तर दिलं, आणि तेही खात्रीने. तेव्हा त्यांनी स्वतःचा सिद्धांत मांडला. अक्षरं वाचता आली तर नाणं अलीकडचं, अर्धवट आली तर प्राचीन, काहीच दिसत नसेल तर अतिप्राचीन. या शास्त्रीय पद्धतीमुळे त्यांच्याकडे अतिप्राचीन नाण्यांची इतकी गर्दी झाली की ती ठेवायला बादली लागली.

हे एका माणसाचं काम नव्हे, हे सोसायटीच्या लक्षात आलं आणि नाणी ओळख समिती स्थापन झाली. अध्यक्ष रामदास कांबळे, हयात लेखापरीक्षणात गेलेली, त्यामुळे प्रत्येक गोष्टीवर मूलभूत अविश्वास. उपाध्यक्ष तिसऱ्या मजल्यावरच्या राधाताई. त्या अजिंठ्याला दोनदा जाऊन आल्या होत्या, म्हणून लिपीविषयी त्यांचा शब्द अंतिम. राजवंश हात वर करून ठरू लागले. चालुक्य एका मताने पडले. (फेरमतदानात निवडून आले.)

मग ते शिशाचं नाणं आलं. लहान, काळपट, अझीमभाईंना का कोण जाणे फार आवडलेलं. ते रोज सकाळी चहाबरोबर ते तळहातावर घेऊन बसत. रामदासजींना त्यावर हत्ती दिसला. राधाताईंनी ते उलट धरलं, त्यांना जहाज दिसलं. आडवं धरल्यावर डोंगर दिसला. प्रदीर्घ चर्चेनंतर समितीने ही तीन नाणी आहेत असा ठराव केला. तोच न्याय बाकीच्यांना लावल्यावर एक छदामही खर्च न होता संग्रह तिप्पट झाला. अझीमभाईंना त्या रात्री आनंदाने झोप लागली नाही. नसीमबानूंनाही लागली नाही, कारण उशीखाली गुप्त होते.

अखेर समितीच्या कार्याची दखल बाहेरच्या विद्वानांनी घ्यावी म्हणून डॉ. पूर्वा सरनाईकांना बोलावलं. त्या वाघोलीच्या एका महाविद्यालयात नाणकशास्त्र, म्हणजे हाच विषय, शिकवत. त्यांनी अंडी, बर्फ, मसाले आणि बादली शांतपणे तपासली. "मुलाणी काका, स्पष्ट बोलू?"

"बोला ना."

"ही सगळी हल्लीची आहेत. काहींचा तर रंग हाताला लागतोय." मग त्यांनी ते शिशाचं नाणं उचललं, खिडकीपाशी नेलं आणि त्यांचा आवाज बदलला. "हे मात्र खरं आहे. सातवाहन. जहाजच आहे. काका, हे फार जपा."

अझीमभाई खुर्चीत बसले. त्यांना काय वाटलं ते सांगणं अवघड आहे. डोळ्यांत पाणी होतं आणि ते हसत होते. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ते मुठीत घट्ट धरलं असेल, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. समितीने डॉक्टरबाईंचे आभार मानले आणि त्यांचं मत अल्पमतात असल्याची नोंद केली.

दुसऱ्या दिवशी नसीमबानूंच्या माहेरची मंडळी जेवायला आली. सरबताला बर्फ, बिर्याणीला मसाले आणि नेमकी अंडीही लागली. नसीमबानूंनी सर्व साम्राज्यं एका झटक्यात बादलीत विलीन केली. भारताचं एकीकरण इतक्या कमी वेळात पूर्वी झालं नव्हतं.

"अगं, त्यात ते खरं होतं!"

"मग खरं असेल तर दिसेलच की!"

दिसलं नाही. अझीमभाई बादलीपुढे मांडी घालून बसले, एकेक नाणं उलट, सुलट, आडवं धरत राहिले. आता प्रत्येकावर जहाज दिसत होतं. डॉक्टरबाईंना पुन्हा बोलवावं, तर वाघोलीहून कोथरूडला माणूस आयुष्यात एकदाच येऊ शकतो, हे नगर रस्ता माहीत असलेला कुणीही मान्य करील. दोन दिवस अझीमभाई जेवले नाहीत. नसीमबानू गुपचूप शेजारी येऊन बसल्या आणि त्याही नाणी फिरवू लागल्या. "हे बघा बरं," त्या दर थोड्या वेळाने म्हणत.

तोडगा रामदासजींनी काढला. "मुलाणी साहेब, यातलं एक खरं आहे हे सिद्ध आहे. कोणतं, ते सिद्ध नाही. म्हणजे आता प्रत्येक नाण्यावर खरेपणाचा संशय आहे. संशयाचा फायदा देणं भाग आहे." अझीमभाईंनी जरा विचार केला आणि दोन दिवसांनी प्रथमच पोटभर जेवले.

सोसायटीच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरलं. टेबलांवर लाल मखमल, तिच्यावर नाणी, आणि "यातलं खरं ओळखा" अशी पाटी. पुणेकरांना ओळखा म्हणून सांगणं म्हणजे आगीला जळ म्हणून सांगण्यासारखं आहे; रांग रस्त्यापर्यंत गेली. प्रत्येकाने वेगळ्या नाण्यावर बोट ठेवलं आणि प्रत्येकाची खात्री पटली.

आपणही आला होतात, आठवतं ना? आपण चष्मा कपाळावर सरकवलात, टेबलावर खोल वाकलात, मागच्यांना थांबवून एका वस्तूवर बोट ठेवलंत आणि म्हणालात, "हेच. बाकी सगळं भंकस. ब्राह्मीची वळणं बघा." ते आपल्या शर्टाचं दुसरं बटण होतं, वाकताना तुटून पडलेलं. ते परत मागू नये, ही नम्र विनंती. समितीने ते बहुमताने सातवाहन ठरवलं आहे.